दुरुस्त केलेली जुनी नोट घ्यावी का? चीर सांधलेली आहे, एक कोपरा बदललेला वाटतो

कोरा_समास
एकाच बाजूला छापलेली, हाताने केलेल्या कागदाची, शाईने सही असलेली एक नोट विकायला आली आहे. उजव्या कडेपासून आत साधारण १५ मिलिमीटर चीर होती ती सांधली आहे. खालचा डावा कोपरा रंगाने किंचित वेगळा दिसतो. विकणारा म्हणतो, "व्यावसायिक दुरुस्ती आहे, दिसायला व्हेरी फाइन." (नोटेची प्रत, म्हणजे ग्रेड, चढत्या क्रमाने: व्हेरी गुड, फाइन, व्हेरी फाइन.) स्लॅबमध्ये, म्हणजे ग्रेड ठरवणाऱ्या कंपनीच्या सीलबंद पाकिटात, नाही. त्याच प्रकारची दुसरी नोट स्लॅबमध्ये '२५ नेट' अशी आहे. तिसरी एक अजिबात हात न लावलेली आहे, पण घड्या आणि मळ पाहता जेमतेम फाइन. तिघींची किंमत जवळपास सारखी. कोणती घ्यावी, आणि पहिलीबद्दल विकणाऱ्याला नेमकं काय विचारू?

तिरका_उजेड
आधी फोटो मागवा. सपाट उजेडातल्या फोटोवरून दुरुस्तीबद्दल काहीच ठरवता येत नाही. हे हवेत:

१. दोन्ही बाजूंचं ६०० डीपीआय स्कॅन, कडा पूर्ण दिसतील असं, शेजारी मोजपट्टी ठेवून.
२. मागून उजेड धरून काढलेला फोटो. सर्वात महत्त्वाचा हाच. सांधा गडद रेघेसारखा दिसला तर तिथे कागदावर कागद चढला आहे किंवा मागून पट्टी लावली आहे. फिकट रेघ म्हणजे तिथले तंतू तुटलेले आहेत. नोट ओली करून दाबली असेल तर घड्या समोरून नाहीशा होतात, पण मागून उजेड धरला की बहुतेक वेळा फिकट रेघा उमटतात. वॉटरमार्कची ओळ कोपऱ्यात शिरताना तुटते का, हेही याच फोटोत कळेल.
३. एका बाजूने, कागदाला जवळजवळ समांतर धरलेला उजेड. ठिगळाची कड, डिंकाची चकाकी आणि दाबून सपाट झालेली छपाई यात दिसते. इंटाग्लिओ पद्धतीने (कोरलेल्या पत्र्यावरून दाबून) छापलेल्या नोटेवर शाई उभारलेली असते. ती उभारी सगळीकडे सारखीच मेलेली दिसली तर नोट दाबलेली असण्याची शंका धरा.
४. अतिनील उजेडातला फोटो, ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली, अंधाऱ्या खोलीत. ३९५ वाली टॉर्च चालत नाही. तिचा जांभळा उजेड डोळ्यांनाही दिसतो आणि कागदाची चमक त्यात बुडून जाते.

नोटेचा कागद सहसा कापसाच्या चिंध्यांचा असतो, त्यात उजळपणाची रसायनं नसतात, म्हणून तो मंद दिसतो. विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा साधा पांढरा कागद निळा-पांढरा भगभगतो. एकच कोपरा भगभगला तर तो नंतरचा. अख्खी नोट भगभगली तर ती कपडे धुण्याच्या पावडरीत धुतलेली असू शकते. मात्र कोपरा भगभगला नाही म्हणून तो मूळचा, असं समजू नका. जाणकार कारागीर त्याच काळातला कोरा कागद वापरतात.

जुना_लिफाफा
वरच्या यादीत एक भर. लांबी-रुंदी मोजून कॅटलॉगशी ताडा. कडेच्या बारीक चिरा घालवण्याचा सोपा मार्ग म्हणजे कड कापणं, आणि ते दुरुस्ती म्हणून कोणी सांगत नाही. हाताने केलेल्या कागदात हे पकडता येतं. बँक ऑफ इंग्लंडच्या एका बाजूला छापलेल्या पांढऱ्या नोटा बघा: तीन कडा साच्यातून आलेल्या, खडबडीत, आणि एकच सरळ कापलेली. अशा नोटेच्या दोन कडा सुरीसारख्या सरळ असतील तर प्रश्न विचाराच.

आता किमतीचं. 'दिसायला व्हेरी फाइन' हा ग्रेड नाही. दुरुस्ती होण्याआधी नोट कोणत्या ग्रेडची होती ते ठरवा आणि त्याच ग्रेडची किंमत द्या, वर काही नाही. चीर आणि गेलेला कोपरा धरून तुमची पहिली नोट माझ्या हिशेबात व्हेरी गुड, म्हणजे तिसरीच्या खाली. तिसरीच्या भावात ती महागच.

'२५ नेट' मधला 'नेट' हा शब्द आकड्याइतकाच वाचा. अंगावरचा वापर पाहता २५ (७० पर्यंतच्या मापात, व्हेरी फाइनच्या जागी), पण काही ठळक दोष आहे, असा त्याचा अर्थ. दोष कोणता हे लेबलवरच्या शेऱ्यात असतं. बंद केलेली टाचणीची भोकं आणि जोडलेले तुकडे यांत फार अंतर आहे. प्रमाणपत्राचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाका. तिथे फोटो असेल तर अनुक्रमांक आणि डागांच्या जागा जुळवा.

कोरा_समास
फोटो आले. मागून उजेड धरल्यावर चिरेची रेघ अगदी बारीक, किंचित गडद. मागे पातळ तंतुमय पट्टी आहे. कोपरा अतिनील उजेडात स्पष्ट भगभगतो, आणि चौकटीच्या दोन रेघा तिथपर्यंत गेल्या आहेत.

खळ_आणि_कागद
चिरेची चिंता सोडा. वर्णनावरून ती पट्टी जपानी टिश्यूची, म्हणजे लांब तंतूंच्या पातळ कागदाची, वाटते, बहुधा गव्हाच्या स्टार्चच्या खळीने किंवा मिथाइल सेल्युलोज या पाण्यात विरघळणाऱ्या चिकटाने लावलेली. कागद जपणारे लोक हेच वापरतात, कारण पट्टी मूळ कागदापेक्षा कमकुवत असते. ताण आला तर आधी पट्टी सुटते, नोट फाटत नाही. पांढऱ्या गोंदाचा जाड सांधा उलट वागतो: तो ताठ होतो आणि नोट त्याच्या शेजारी नव्याने तडकते. सेलोटेप सर्वात वाईट, त्याचा चिकटा तंतूंत उतरून पिवळा-तपकिरी डाग पडतो आणि टेप निघाली तरी डाग राहतो.

कोपरा मात्र वेगळी गोष्ट आहे. नुसता कोरा कागद भरला असता तर ती भरणी. चौकटीच्या रेघा पुढे ओढल्या की ते छपाईचं सोंग झालं. दहापट भिंगाने बघा. छापलेली रेघ धारदार आणि सलग असते, हाताने ओढलेली तंतूंच्या बाजूने फुटते, रंगही सपाट असतो. हाच कारागीर सही किंवा अनुक्रमांकावर पोचला आहे का, ते त्याच भिंगाखाली तपासा. तिथे एक अक्षर जरी पुन्हा गिरवलेलं आढळलं तर कोणत्याही भावात घेऊ नका. तिथे नोटेची ओळखच बदलते.

'पट्टी मी घरी काढीन' हा विचार मनात असेल तर तो सोडा. खळ पाण्याने सुटते, पण शाईची सही पाण्याने पसरू शकते.

माझं मत: तिसरी घ्या. ती नोट जशी आहे तशी दिसते आहे. या प्रकारची नोट सहज सापडणारी नसेल आणि दुसरीच्या लेबलवर फक्त सांधलेली चीर किंवा भोकं लिहिली असतील, तर दुसरी. 'तुकडे जोडले' असं असेल तर नको. पहिली घ्यायचीच असेल तर विकणाऱ्याकडून लेखी घ्या: चीर सांधलेली, कोपरा नवा, चौकट रंगवलेली. परतीची मुदतही लिहून घ्या, आणि ती नोट हातात पडल्यापासून मोजायची. पुढे विकताना हाच कागद नोटेसोबत द्यावा लागेल. आल्यावर पॉलिएस्टरच्या होल्डरमध्ये ठेवा. पीव्हीसीच्या पाकिटातलं मऊ करणारं रसायन कागदात उतरतं. आणि पट्टीच्या जागी नोट वाकवू नका.