जेजे हॉस्पिटल अफूच्या पैशावर उभं राहिलं, मग आता?

घाटावरचा:
परवा काकांना घेऊन जेजेला गेलो होतो. केसपेपर काढला, नंबर यायला वेळ होता म्हणून मोबाईलवर सर जमशेटजी जीजीभॉयबद्दल वाचत बसलो आणि डोकंच फिरलं. जन्म १७८३ चा, सोळाव्या वर्षी आईबाप गेले, बाटल्यांच्या धंद्यावरून नाव पडलं बाटलीवाला, इथपर्यंत सगळं ठीक. पण पुढे गडगंज पैसा आला कशातनं तर चीनला कापूस आणि अफू पाठवून. माळव्याची अफू मुंबई बंदरातनं जायची आणि तिकडे बंदी असताना चोरून उतरवली जायची. १८३९ ला लिन झेशू नावाच्या चिनी अधिकाऱ्याने वीस हजारांवर पेट्या नष्ट केल्या, त्यावरून युद्ध पेटलं, १८४२ ला चीन हरला आणि त्याच वर्षी आपले जमशेटजी 'सर' झाले, पहिलेच भारतीय! याला दानशूर म्हणायचं? मी तर म्हणेन हात धुतले नुसते.

मालन:
काकांना तिथे औषध मिळालं ना? मग झालं. अहो पूर्वी माहीमहून वांद्र्याला जायचं तर होडीशिवाय सोय नव्हती, माणसं बुडायची आणि सरकार पैसे सोडेना. जमशेटजींच्या बायकोने, अवाबाईंनी, दीड लाखावर रुपये दिले आणि वर अट घातली की टोल घ्यायचा नाही. १८४५ ला रस्ता सुरू झाला. नुसते हात धुणारा असल्या अटी घालत नाही.

खडूस:
मालनताई, टोलची गोष्ट झकास. पण चीनच्या कँटन बंदरातल्या अफूबाजाच्या बायकोला माहीमच्या रस्त्याचा काय उपयोग? घर एकाचं बुडवायचं आणि पाणपोई दुसऱ्याच्या दारात.

पेठकर:
सगळं एकट्या पारशाच्या डोक्यावर मारताय राव. बंगालच्या अफूचा मक्ता खुद्द ईस्ट इंडिया कंपनीकडे होता आणि माळव्याच्या अफूवर पासाचे, म्हणजे माल नेायच्या परवान्याचे, पैसे कोण उकळायचं, तर तीच कंपनी. त्या काळात मुंबईतला कुठला मोठा व्यापारी यापासून लांब होता? बाकीच्यांनी बंगले बांधले, याने हॉस्पिटल आणि आर्ट स्कूल दिलं, फरक आहे की नाही?

घाटावरचा:
इंग्रज चोर म्हणून हा साव, असं होत नाही पेठकर. आणि मी काही पाटी उतरवा म्हणत नाहीये. माणूस जबरदस्तच होता, १८०५ ला चीनला जाताना फ्रेंचांनी जहाज पकडलं, पार आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला नेऊन सोडलं आणि त्याच जहाजावर विल्यम जार्डिन हा डॉक्टर भेटला जो नंतर अफूच्या धंद्यातला मोठा भिडू झाला. सिनेमा निघेल यावर! पण आपण सांगताना 'चीनशी व्यापार केला' म्हणतो आणि गप्प बसतो. अफू हा शब्द उच्चारायला काय जातं? पुतळ्याखाली एक ओळ लिहा, एवढंच मागणं आहे.

खडूस:
ओळीने काय होणार, मावा खाणारा त्याच पुतळ्यामागे थुंकणार.

मालन:
लिहा की ओळ, माझी ना नाही. फक्त कंपनीच्या पैशातनं जे जे बांधलं गेलं तिथेही लिहा, पाथरवट कमी पडतील. आणि काकांचा रिपोर्ट आला का ते सांगा आधी.