पीएलए फिल्ममध्ये क्लेचे ठिपके राहतात, मदत हवी आहे

उद्यमबागकर: पीएलएत (पॉलिलॅक्टिक ॲसिड, जैवविघटनशील प्लास्टिक) ३ टक्के ऑर्गॅनोक्ले (थराथरांची माती, प्लास्टिकशी जुळावी म्हणून सेंद्रिय अमोनियम लावलेली) घालून फिल्म काढतोय. दाणा आणि क्ले पिशवीत हलवून एकत्रच हॉपरमध्ये (मशीनचं माल ओतायचं तोंड), दोन स्क्रूंचं वितळवून मिसळणारं मशीन (ट्विन स्क्रू), २१० डिग्री. फिल्म उजेडाला धरली की मोहरीहून बारीक तपकिरी ठिपके दिसतात, दुमडली की तिथेच तुटते. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी थरांतलं अंतर मोजणारी चाचणी) क्लेचं शिखर ४.८ अंशांवर होतं, फिल्ममध्ये २.६ वर आलंय. म्हणजे थर सुटे झाले ना? मग ठिपके कसले? बेळगावात पावसाची झड लागलीय, दाणा वाळवलेला नाही.

खानापूरकर: थर सुटे झालेले नाहीत. ४.८ म्हणजे थरांत १.८४ नॅनोमीटर अंतर, २.६ म्हणजे ३.४. पीएलए आत शिरलं, पण थर अजून एकावर एक रचलेलेच आहेत. सुटे झाले की शिखर जातं. मात्र नुसती रचना विस्कटली तरीही ते जातं, म्हणून खात्री टीईएमनेच (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) करा. ठिपके हे मायक्रॉनमधले न फुटलेले गठ्ठे, ते एक्सआरडीत कळत नाहीत.

गठ्ठे राहतात ते हॉपरमुळे. जड दाणा आणि हलकी भुकटी वेगळी होते, स्क्रूला कधी नुसती क्ले मिळते. पीएलए दळून पावडर करा, १५ टक्के क्लेचा मास्टरबॅच (नंतर पातळ करायचं दाट मिश्रण) काढा, मग १ किलो मास्टरबॅचला ४ किलो दाणा. स्क्रूवर नीडिंग ब्लॉक (माल मळणारे तुकडे) हवेतच.

तपकिरी रंग तापमानाचा. क्लेवरचं अमोनियम २०० च्या आसपास तुटायला लागतं, थर परत मिटतात, पीएलएही खराब होतं. वितळलेला माल १८५ च्या आत ठेवा, आणि तो प्रोबने मोजा. घर्षणाने आतला माल पॅनेलवरच्या आकड्याहून गरम असतो.

उद्यमबागकर: आणि तुटणं, सर?

खानापूरकर: ओल. पाणी पीएलएच्या साखळ्या तोडतं. डेसिकंट ड्रायरमध्ये (हवेतली ओल शोषून घेणारा) ८० डिग्रीला ६ तास, ओलावा २५० पीपीएमच्या (दहा लाखांत २५० भाग) खाली. साध्या ओव्हनमध्ये पावसाळ्यात दमट हवाच फिरते. क्लेही वाळवा. शंका राहिली तर नुसतं पीएलए त्याच मशीनमधून काढून एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो तो आकडा, साखळ्या तुटल्या की वाढतो) बघा, १९० डिग्री, २.१६ किलो वजन. तोही वाढला तर दोष ओलीचा किंवा उष्णतेचा, फक्त क्लेसोबत वाढला तर क्लेचा.

निपाणीकर: मक्याच्या स्टार्चला हीच क्ले चालेल?

खानापूरकर: नको. स्टार्चला पाणी आवडतं, सेंद्रिय अमोनियम न लावलेली साधी क्ले, सोडियम मॉन्टमोरिलोनाइट, घ्या. ती रात्रभर पाण्यात ढवळा, मग स्टार्च, ग्लिसरीन सगळ्यात शेवटी. ग्लिसरीन आधी घातलं तर तेच थरांत जाऊन बसतं, शिखर १.८ नॅनोमीटरवर अडकतं आणि स्टार्च बाहेरच राहतो.