बायकांच्या गटात वाद झालाय, थांबू का निघू?

नाशिकरोडची: आम्ही दहाबारा जणी दर रविवारी कॉलेज रोडला एकीच्या घरी जमतो, चार वर्षं झाली, माझ्या घटस्फोटाच्या प्रत्येक तारखेला यातली कोणीतरी कोर्टात सोबत बसलेली. परवा म्हटलं ८ मार्चसारखाच २५ डिसेंबरलाही कार्यक्रम घेऊ, १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली तो दिवस, कितीतरी जणी भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात. तर एक ताई म्हणाल्या, जात मधे आणलीस की बायकांची एकी फुटते. बाकीच्या चहाच्या कपात बघत बसल्या. तेव्हापासून पोटात गोळा आलाय.

पंचवटीकरीण: निघू नकोस गं. काळाराम मंदिर माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, २ मार्च १९३० ला तिथे दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला त्यात बायकाही होत्या. त्यांनी जात बाजूला ठेवून लढायचं तरी कसं?

सातपूरवाली: मला ताईंचंही थोडं पटतं, आमच्या कंपनीत पाळणाघर मिळालं ते सगळ्या एकत्र राहिलो म्हणूनच. पण म्हणून कुणा एकीनेच गप्प बसायचं हे नाही पटत. आणि त्या कपात बघणाऱ्यांचा मला जास्त राग आला, एकेकीला फोन कर.

नाशिकरोडची: केला. एकजण रडायलाच लागली, आडनाव ऐकून तिला गंगापूर रोडला भाड्याने घर नाकारलं होतं, चार वर्षांत कधी बोलली नव्हती. या रविवारी दोघी जातोय.