हरणांचा हंगाम संपला. वहीतल्या नोंदींतून पुढच्या वर्षासाठी काय काढायचं?

सोंडेवरचा (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्येला, आयोवा काउंटीतल्या घळी-सोंडांच्या मुलखात पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीचा हंगाम संपला. सप्टेंबरच्या मध्यापासूनचे धनुष्याचे दिवस आणि थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होणारे बंदुकीचे नऊ दिवस, दोन्हींच्या नोंदी ठेवल्या आहेत. जमीन खाजगी, ६० एकर. वर सपाटीला सोयाबीन आणि मका, उतारावर ओकचं रान, तळाशी ओढा.

गोषवारा असा: १४ बैठका (मचाणावर बसून हरणांची वाट पाहणं), ५२ तास. त्यातल्या ९ बैठका ओढ्याकाठच्या एकाच मचाणावर, आणि त्यातल्या ६ संध्याकाळच्या. दिसलेली हरणं ३१, पैकी १२ फुरफुरून, शेपटी वर करून पळाली. सप्टेंबरात सोयाबीनच्या कडेच्या कॅमेऱ्यात दोन मोठे नर जवळजवळ रोज, ऑक्टोबरपासून एकही नाही. बंदुकीने एक मादी. गोळी मागे, पोटात लागली. अर्ध्या तासाने माग काढायला सुरुवात केली, ती उठून पुढे गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली. मागच्या मांडीचं मांस हाडाजवळ आंबलं होतं.

या नोंदींतून नेमकं काय वाचायचं? मचाण हलवायचं की वेळ बदलायची? आणि मांसाचं कुठे चुकलं?

रुईची_म्हातारी

तुमच्या गोषवाऱ्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा ३१ नाही, १२ आहे. दिसलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के हरणांना तुमचा पत्ता लागला, आणि ही फक्त डोळ्यांना दिसलेली. वास लागून झाडीतूनच परत फिरलेली वहीत येतच नाहीत. म्हणून आधी प्रत्येक बैठकीपुढे या गोष्टी लिहून काढा: हवामान खात्याने सांगितलेला वारा, मचाणावर प्रत्यक्ष असलेला वारा, तुम्ही आत कोणत्या वाटेने गेलात आणि बाहेर कोणत्या, आणि प्रत्येक बुजलेलं हरीण तुमच्या कोणत्या अंगाला होतं. बारापैकी आठ-नऊ एकाच दिशेला निघाली, तर उत्तर तिथेच आहे.

घळींच्या मुलखात अंदाजातला वारा फक्त सोंडेवर खरा असतो. खाली हवा उतारावरून हलते. सकाळी ऊन लागलं की उतार तापतो आणि हवा वर चढते. संध्याकाळी सावली पडली की गार हवा जड होऊन खाली उतरते आणि ओढ्याच्या दिशेने वाहत जाते. ओढ्याकाठी संध्याकाळी बसलं की तुमचा वास ओढ्याच्या खालच्या अंगाला दोन-तीनशे यार्ड सहज पसरतो. सकाळी तिथेच बसलं तर नऊच्या सुमाराला तोच वास उतारावर चढतो, आणि नर नेमके तिथेच पडून असतात: वाऱ्याच्या आडोशाच्या उतारावर, वरून साधारण एक तृतीयांश खाली. पाठीमागून वारा, समोर नजर. म्हणजे तुमचं मचाण दोन्ही वेळा अडचणीचं आहे.

वारा पाहायला पावडरची बाटली पुरेशी नाही, कारण ती हातभर अंतरावरच विरते. मिल्कवीडची बोंडं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिकतात, ती गोळा करून ठेवा. आपल्याकडच्या रुईच्याच कुळातली वनस्पती, आतला कापूसही तसाच. दर दहा मिनिटांनी एक म्हातारी सोडायची आणि ती नजरेआड होईपर्यंत पाहायची. चाळीस यार्डांवर ती कुठे वळते, कुठे खाली बसते, कुठे गोल फिरते, ते पाहून वहीत बाण काढायचा. ही पाहणी फेब्रुवारी-मार्चमध्येही करता येते. उताराचा आकार तोच असतो आणि हरीण बुजण्याची भीती नसते.

मचाण हलवायचं झालं तर सकाळसाठी सोंडेच्या माथ्याजवळ, दोन घळींची तोंडं जिथे जवळ येतात त्या खिंडीत. संध्याकाळसाठी ओढ्याचा काठ सोडायची गरज नाही, पण खालच्या अंगाला तुटलेली दरड असेल अशी जागा निवडा. वास तिथून जाईल, हरीण तिथून येणार नाही. आत जाताना ओढ्याच्या पाण्यातून चाला, जमिनीवर वास राहत नाही.

एकाच मचाणावर नऊ बैठका फार झाल्या. पहिली बैठक सगळ्यात चांगली, तिसरीनंतर जागा जळते, म्हणजे हरणं ती टाळू लागतात. वारा चुकीचा असेल तर त्या दिवशी न बसणं हीसुद्धा शिकारच आहे.

ओकटोपली

नर गेले कुठे, याबद्दल. सप्टेंबरचा कॅमेरा नोव्हेंबरची साक्ष देत नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला शिंगांवरची मखमली कातडी गळते, नरांचे उन्हाळी कळप फुटतात आणि पुष्कळ नर शरदातल्या वेगळ्या टापूत जातात. त्याच सुमाराला सोयाबीनची पानं पिवळी पडतात आणि हरणांना त्यांत रस राहत नाही. मग पांढऱ्या ओकची फळं पडू लागतात. ती एकाच वर्षात पिकतात, तुरटपणा कमी, म्हणून आधी संपतात. तांबड्या ओकच्या फळांना पिकायला दोन वर्षं लागतात, ती जास्त तुरट, नंतर खाल्ली जातात. तेव्हा ‘ऑक्टोबरात हरणं नाहीशी झाली’ याचा अर्थ बहुतेक वेळा ती शेतातून उठून दोनशे यार्डांवरच्या ओकखाली गेली एवढाच असतो.

ऑगस्टमध्ये दुर्बिणीने ओकचे शेंडे पाहा आणि फळ धरलेली पांढऱ्या ओकची झाडं नकाशावर खुणा करून ठेवा. दर वर्षी सारखं फळत नाही, त्यामुळे ही पाहणी दर वर्षी करावी लागते.

शेजारचा मका बंदुकीच्या हंगामात उभा होता की कापलेला, हेही वहीत हवं. उभ्या मक्यात हरणं दिवसभर लपून राहतात. त्या वर्षी रानातले आकडे पडले तर दोष मचाणाचा नाही.

मागकरी

पोटात लागलेल्या गोळीबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमच्या नोंदींत पुढच्या वर्षी सगळ्यात आधी सुधारायची गोष्ट तीच आहे. जनावराला इतका वेळ वेदना होणं टाळता येण्यासारखं होतं.

गोळी सुटल्यावरची पहिली पाच सेकंदं पाहायला शिका. फुप्फुसात लागली तर हरीण मागचे पाय झाडून जोरात पळतं. पोटात लागली तर पाठ कमानीसारखी वर काढतं, शेपटी दाबून धरतं आणि थोडं पळून चालायला लागतं. मग जागेवरचं रक्त. गुलाबी, फेसाळ म्हणजे फुप्फुस. काळपट तांबडं, फेस नसलेलं म्हणजे यकृत. रक्त कमी, त्यात हिरवट पाणी किंवा चावलेल्या चाऱ्याचे कण आणि आंबूस वास म्हणजे पोट. केसही पाहा. पांढरे केस पोटाखालचे, तपकिरी केस अंगाचे.

थांबायचं किती, तेही त्यावरच ठरतं. फुप्फुस असेल तर अर्धा तास. यकृत असेल तर चार ते सहा तास. पोट असेल तर आठ ते बारा तास. पोटाची गोळी लागलेलं हरीण सहसा पहिल्या दाट झाडीत, बहुतेकदा दोनशे यार्डांच्या आत, आडवं होतं. त्याला उठवलं नाही तर ते तिथेच मरतं. अर्ध्या तासात उठवलं तर मैलभर जातं आणि रक्त जवळजवळ सांडतच नाही, कारण आतडी जखम बुजवतात. तुमच्या मादीचं हेच झालं.

शंका असेल तर आल्या पावली गुपचूप परत फिरा. शेवटच्या रक्तापाशी टॉयलेट पेपरचा तुकडा अडकवा, नंतर तो पावसात विरघळून जातो. माग संपला तर आधी पाण्याकडे पाहा, पोटात जखम असलेली हरणं पुष्कळदा पाण्याजवळ सापडतात. विस्कॉन्सिनमध्ये साखळीला बांधलेलं माग काढणारं कुत्रं वापरायला परवानगी आहे. असं कुत्रं पाळणाऱ्यांशी हंगामाआधीच बोलून ठेवा. आणि रान तुडवायच्या आधी त्यांना बोलवा, नंतर नाही.

गोळी मागे का गेली हेही शोधा. चालत्या हरणावर झाडली का? उभं आडवं असताना पुढच्या पायाच्या मागच्या कडेने सरळ वर जायचं आणि शरीराच्या एक तृतीयांश उंचीवर नेम धरायचा. तिरपं, पाठमोरं असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाकडे. बंदुकीचा शून्य (दुर्बिणीतला नेम आणि गोळी लागते ती जागा यांचा मेळ) तपासा: .३०८ किंवा .२७० ला १०० यार्डांवर साधारण दीड ते दोन इंच वर लागली की २०० यार्डांपर्यंत वेगळा हिशेब लागत नाही. हा तपास थंड नळीच्या पहिल्या गोळीने करा, रानात तीच सुटते. आणि सराव जाड कोट घालून. कोटामुळे दस्ता खांद्यापासून पुढे सरकतो, डोळ्याचं दुर्बिणीपासूनचं अंतर बदलतं आणि घाईत नेम हलतो. उन्हाळ्यात टी-शर्टवर टेबलावरून केलेल्या सरावात हे कळत नाही.

फरा_मांडी

मागच्या मांडीतलं आंबणं हे रात्रभर पडून राहिल्यामुळे. मांडीचा खुबा शरीरात सगळ्यात शेवटी गार होतो. भोवती जाड मांस, वर कातडं, आणि कातडं गोधडीचं काम करतं. बाहेर थंडी असली तरी आतली ऊब तासन्‌तास टिकते.

हरीण वेळेवर हातात आलं तर लगेच कोथळा काढा, छाती काठीने फाकवून ठेवा, आणि हवा १० अंश सेल्सिअसच्या वर असेल तर दोन-तीन तासांत कातडं सोलून मांड्या वेगळ्या करा. पोटात बर्फ ठेवायचा तर बंद पिशवीतून, पाणी मांसाला लागू देऊ नका. टांगून मुरवायचं तर १ ते ४ अंश, तीन ते सात दिवस. तेवढं तापमान राखता येत नसेल तर मुरवूच नका.

मागच्या पायांच्या आतल्या बाजूला असलेल्या गंधग्रंथींना हात लागला तर सुरी आणि हातमोजे बदलल्याशिवाय मांसाला हात लावू नये. हरणाची चरबी मेणासारखी टाळूला चिकटते, ती आणि पांढरा पडदा पूर्ण काढा. खिम्यात हवं तर बकऱ्याची किंवा डुकराची चरबी १० ते १५ टक्के घाला. आणि पाठीच्या मांसाला मटणाएवढं शिजवू नका, त्यात चरबी नसल्याने ते चामड्यासारखं होतं. नळ्यांचं मांस मात्र मंद आचेवर तीन तास रश्श्यात ठेवलं तर उत्तम लागतं.

तुमच्या काउंटीत तपासणी हवीच. हरणांचा क्षयकारी मेंदुरोग, म्हणजे सीडब्ल्यूडी, विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली पहिल्यांदा सापडला तो याच भागात. रोगाचे प्रायॉन (बिघडलेली प्रथिनं) शिजवून नष्ट होत नाहीत आणि बाधित हरीण दीड-दोन वर्षं धडधाकट दिसतं. नमुना घशामागच्या लसीका ग्रंथींचा घेतात, म्हणून डोकं तोडताना तीन ते पाच इंच मान ठेवा आणि नैसर्गिक संसाधन खात्याच्या नमुना पेटीत टाका. तपासणी मोफत आहे. उत्तर यायला साधारण दोन आठवडे लागतात, गर्दीत जास्त. तोपर्यंत त्या हरणाचं मांस वेगळ्या खुणेने गोठवा आणि दुसऱ्या हरणाच्या खिम्यात मिसळू नका. बाधित निघालं तर खाऊ नये, हाच अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचा सल्ला आहे. पाठीचा कणा करवतीने कापू नका, मांस हाडावरून सुरीने सोडवा.

वाघूर

मागकऱ्यांच्या लेखनात एक भर. आठ ते बारा तास थांबायचं हे थंडीत ठीक. सप्टेंबरच्या उकाड्यात तेवढ्यात मांस खराब होतं, कोल्ह्यासारखे कायोटेही येतात. तरीही वेळ कमी करू नये. त्याऐवजी लवकर कुत्रं बोलवावं, आणि उकाड्याच्या दिवसांत शंकास्पद नेम घेऊच नये.

वय आणि पाडसांची नोंदही ठेवा. गाल आतून चिरून टॉर्चने दात पाहा. तिसऱ्या उपदाढेला तीन टोकं असतील तर हरीण दीड वर्षाचं किंवा त्याहून लहान. पण बंदुकीचा हंगाम नोव्हेंबरअखेरीचा, त्या वेळी हा दुधाचा दात पडून दोन टोकांचा नवा आलेला असू शकतो. तो पांढराशुभ्र, डाग नसलेला आणि अर्धवट वर आलेला असला तरी वय दीडच. पुष्कळ जण इथे चुकून अडीच लिहितात. मादीची कास दाबून दूध येतं का तेही लिहा. त्या वर्षी पाडसं किती वाचली याचा अंदाज त्यातून येतो.

सोंडेवरचा

सर्वांचे आभार. बुजलेल्या बारांच्या दिशा नकाशावर टाकल्या. नऊ ओढ्याच्या खालच्या अंगाला निघाल्या, त्यातल्या सात संध्याकाळच्या. एक शंका: खिंडीतल्या मचाणावर सकाळी अंधारात जाताना सोयाबीनच्या शेतातून जावं लागेल. तिथली हरणं उठणार नाहीत का?

रुईची_म्हातारी

उठतील. सकाळी शेतातून कधीच जाऊ नका, त्या वेळी हरणं शेतातच असतात. ओढ्यातून या आणि ज्या घळीत ती पडून नसतात त्या घळीने वर चढा. अंतर दुप्पट होईल, म्हणून उजाडायच्या तासभर आधी बसलेलं असावं. चढताना घाम येऊ नये म्हणून कोट पाठीवर बांधून न्या आणि मचाणाखाली घाला. चढण्याआधी अंगावरचा सुरक्षा पट्टा दोरीला अडकवा, वर गेल्यावर नाही. मचाणावरून पडण्याचे बरेच अपघात चढता-उतरताना होतात.

परवाना_मार्च

एच-१बी (नोकरी), एफ-१ (शिक्षण) वगैरे व्हिसावर असलेल्यांसाठी एक गोष्ट. संघराज्याच्या कायद्याने बिगर-स्थलांतरित व्हिसावर बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना हा त्यातला अपवाद आहे, आणि तो परवाना मुदतीतला लागतो. विस्कॉन्सिनचा परवाना ३१ मार्चला संपतो. बंदूक घरात ठेवायची असेल तर त्या तारखेआधी नवीन परवान्याची सोय पाहा. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अडचण नाही, आणि धनुष्याला हा कायदा लागत नाही.