केराटिनला ‘केसांचा खुराक’ म्हणणं थांबवा

खान्देशची_लेक (धुळे): काल इथे एका ताईंनी लिहिलं, "केराटिन म्हणजे केसांचा खुराक. साइड इफेक्ट शून्य. लग्नाआधी प्रत्येक मुलीने करून घ्यावं." रात्रभर डोक्यातून जाईना. खुराक कसला? पार्लरमध्ये केस सरळ, मऊ करायला क्रीम लावतात, त्याचा केसावर नुसता थर बसतो, आणि तो बसवायला सव्वादोनशे डिग्रीच्या आसपास तापलेली इस्त्री फिरवतात. अनेक बाटल्यांत फॉर्माल्डिहाइड असतं, नाहीतर मिथिलीन ग्लायकॉल, जे तापलं की फॉर्माल्डिहाइडच सोडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच त्याला माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत धरलंय. मागच्या आखाजीला माहेरी आले तेव्हा मावसबहिणीसोबत पार्लरमध्ये बसले होते. बाहेर ४४ डिग्री, म्हणून दार बंद, एसी चालू. दहा मिनिटांत डोळ्यांतून पाणी, घसा धरला. काम करणारी पोरगी नाकाला ओढणी बांधून इस्त्री फिरवत होती. लग्नसराईत दिवसाला अशी तीन डोकी करते म्हणाली.

पार्लरवाली (भुसावळ): चौदा वर्षं पार्लर चालवतेय. एका खोलीवरून सगळ्यांना झोडपू नका. माझ्याकडे फॉर्मॅलिन-फ्रीच, म्हणजे फॉर्माल्डिहाइड नसलेलाच, माल येतो. मुली येतात तेव्हा रोज इस्त्री मारून केसांचा झाडू झालेला असतो. एकदा केराटिन केलं की तीन-चार महिने सुटतात. आणि केस कायमचे सरळ करायच्या रिबॉन्डिंगमध्ये केसाचे आतले बंध तोडतात तसं यात होत नाही, तेही लिहा की.

खान्देशची_लेक: रिबॉन्डिंगचं मान्य. ‘फ्री’चं नाही. अमेरिकेत ओरेगन राज्यात २०१० मध्ये ‘ब्राझिलियन ब्लोआउट’च्या तसंच लिहिलेल्या बाटल्या तपासल्या, त्यात फॉर्माल्डिहाइड निघालं. पुढच्या वर्षी तिथल्या एफडीएने, म्हणजे अन्न-औषध प्रशासनाने, कंपनीला ताकीद दिली.

तापीकाठचा (रावेर): अमेरिका राहू द्या, आपल्या बोअरचं बोला. केस राठ होतात ते खाऱ्या पाण्याने. आजोबांच्या विहिरीला चाळीस फुटांवर गोड पाणी होतं, आज माझा बोअर सातशे फुटांवर आहे. हीटरच्या रॉडवर महिन्यात पांढरा थर चढतो. माझी बहीण पुण्याला राहते तेव्हा तिचे केस मऊ, इथे आली की आठ दिवसांत काथ्या.

अमळनेरकर: तुरटी फिरवा पाण्यात. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या तेच.

तापीकाठचा: तुरटीने गाळ बसतो, क्षार नाही. याच क्षारांनी माझ्या ठिबकच्या नळ्या बुजतात, ॲसिड सोडून धुवाव्या लागतात. तुरटीने भागलं असतं तर काय हवं होतं?

गल्लीतली_वहिनी: तुम्हाला बोअर तरी आहे. आमच्याकडे नळाला आठ दिवसांनी पाणी. दोन बादल्यांत डोकं धुवायचं की भांडी घासायची?

तापीकाठचा: मग सांगा, भांडण बाटलीशी की पाण्याशी? केळी आम्ही लावतो म्हणून पाणी आटलं, हे ऐकून कान किटले, तेव्हा ते आता काढू नका.

गल्लीतली_वहिनी: मी केळीचं नावच घेतलं नाही. तुमच्याच मनात आहे ते.

खान्देशची_लेक: केराटिनवर बोला हो कुणीतरी!

शाळेतली_बाई (चाळीसगाव): मी रसायनशास्त्र शिकवते. आता अनेक ‘फॉर्मॅलिन-फ्री’ मालात ग्लायऑक्सिलिक ॲसिड असतं. मार्च २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या डॉक्टरांच्या नियतकालिकात एका २६ वर्षांच्या बाईची हकिगत आली. २०२०, २०२१, २०२२, तिन्ही वेळा तसल्या क्रीमने केस सरळ केले आणि तिन्ही वेळा किडनीला इजा झाली. ते क्रीम उंदरांना लावलं तर त्यांच्या किडनीत ऑक्झलेटचे स्फटिक सापडले. त्वचेतून आत जातं ते.

पार्लरवाली: म्हणजे हेही नको, तेही नको! नवरा गेल्यावर याच पार्लरवर दोन पोरं शिकवली मी. आमच्या पोटावर पाय देऊन तुम्हाला काय मिळणार? स्थळ बघायला आलेले लोक ‘मुलीचे केस कसेतरीच आहेत’ म्हणतात, त्यांच्यावर लिहा ना आधी.

अमळनेरकर: माझ्या मुलीला म्हणाले तसं. तोंडावर. त्याच आठवड्यात तिने केराटिन केलं, मी पैसे दिले. आता वाटतं, त्या लोकांनाच दारातून परत पाठवायला हवं होतं.

खान्देशची_लेक: ताई, पोटावर पाय नाही हो. गिऱ्हाईक वर्षातून दोनदा तो धूर घेतं, तुम्ही रोज घेता. ती ओढणीवाली पोरगी डोळ्यांपुढून हलत नाही माझ्या. मनी माय म्हने, केस ग्यात ते परत येतीन. छातीचं तसं नाही. तुम्हाला खोकला नाही का?

पार्लरवाली: आहे. दोन वर्षं. धुळीचा समजत होते.
आताच बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचली. बाई म्हणतात तेच ॲसिड आहे. ही बाटली आता वापरणार नाही. पण केराटिन कायमचं सोडेन असं आज माझ्याकडून वदवून घेऊ नका, दोन नवऱ्यांच्या, म्हणजे नवऱ्या मुलींच्या, तारखा ठरल्यात. त्यांना आधी काय आहे ते सांगेन, मग त्या ठरवतील. एक्झॉस्ट बसवते, दारही उघडं ठेवते. मे महिन्यात उघड्या दाराने गिऱ्हाईक टिकेल का, ते तुम्ही सांगा.

तापीकाठचा: एसी काढून मोठा कूलर लावा ताई. त्याला खिडकी उघडी लागतेच, हवा खेळती राहते. फक्त बोअरचं पाणी टाकू नका त्यात, महिन्यात जाळ्या पांढऱ्या होऊन बुजतात.