डोंबिवली म्हणजे 'नुसती झोपायची जागा'? मग ऐकाच

डोंबलकर: काल एका दादरकराने इथे ठोकून दिलं, "डोंबिवली-बदलापूर धड शहर नाही धड गाव नाही, नुसती झोपायची जागा, त्यापेक्षा माणसाने सरळ गावी जाऊन राहावं." रात्रभर डोक्यातून गेलं नाही म्हणून लिहितोय. अहो आम्ही काय हौसेने आलो? बाबा लालबागच्या चाळीत वाढले, दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं, 82 चा संप झाला, आजोबांची मिल गेली, मग चाळीतली खोली सोडून मिळालेल्या पागडीच्या पैशात इकडे वन आरके घेतलं. घरातच संडास आहे हे बघून आजी रडली होती. आणि पाडव्याची शोभायात्रा 1999 ला आमच्या 'झोपायच्या जागेने' सुरू केली, गिरगावने नंतर उचलली.

दादरचा_मी: शोभायात्रा एक दिवस. बाकीचे 364? मी ऑफिसातून चालत घरी येतो, साडेसहाला हातात चहा. तुम्ही तेव्हा कुर्ल्याला एका पायावर उभे. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर लोकलच्या दारातली माणसं पडून गेली, तरी आमचं छान चाललंय म्हणायचं?

बदलापुरी: मुंब्र्याचा विषय काढलातच तर बोलतो. डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाड्या आहेत ना तुम्हाला? तरी कर्जत-बदलापूर फास्टलाच लटकायचं. संध्याकाळी सीएसटीला खिडकी धरून बसता आणि आम्ही 68 किलोमीटर उभे.

डोंबलकर: गाडी काय सासऱ्यांनी दिली तुम्हाला? डोंबिवली लोकल पुरत असत्या तर कशाला आलो असतो तुमच्या शिव्या खायला. आणि अंबरनाथहून उलटं बदलापूरला जाऊन सीट धरून येणारे कोण, तेही आम्हीच का?

ठाण्याची_सून: लेडीज डब्यात या एकदा. ठाण्याला उतरणार म्हटलं की आत सरकू देत नाहीत. सातवा महिना होता, चौथी सीट (तिघींच्या बाकावर कडेला टेकायची जागा) राहू दे, "कर्जत गाडीत चढलीसच कशाला" हे ऐकलं मी. आमचं घर स्टेशनपासून दहा मिनिटांवर, सगळे म्हणतात काय नशीब काढलंस.

बदलापुरी: ताई, ते चूकच. पण आमची बाईसुद्धा पहाटे चारला डबे करून निघालेली असते, एवढंच म्हणेन.

ठाण्याची_सून: म्हणजे चूक, पण. कळलं.

गावाला_परत: सगळे लोकलमध्येच अडकलात राव. "सरळ गावी जावं" म्हणणाऱ्याने गावात एक पावसाळा काढलेला दिसत नाही. कोविडात संगमेश्वरकडे आलो तो इथेच राहिलो. माकडं झाडावर फळ ठेवत नाहीत, वर पडवीतला टोप पण नेतात. पावसात लाईट गेली की दोन-दोन दिवस गायब. आईच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा रात्री दोनला शेजाऱ्याला उठवून गाडी काढली आणि रत्नागिरी गाठली, घाटीतल्या त्या रस्त्यावर मी देव आठवले. वाचली. तरी मी परत येणार नाही. पण हे मला परवडतं कारण पगार मुंबईचा आहे, भातावर आणि चार कलमांवर घर चालवून दाखवा मग हवापाण्याचं बोला.

दादरचा_मी: निदान तिथे हवा तरी आहे. डोंबिवलीत 2014 ला हिरवा पाऊस, 2020 ला रस्ता गुलाबी. रंगपंचमी बारा महिने.

डोंबलकर: एमआयडीसीतल्या केमिकल कारखान्यांवर गप्प बसतो, तिथे तोंड नाही. 2016 च्या स्फोटात आमच्या काचा गेल्या, 2024 ला नव्या बसवलेल्या पण गेल्या. झालं समाधान? आता तुमचं सांगा. दादरची जागा स्वतःच्या कमाईची की आजोबांची पागडीची? आज बाजारभावाने घेऊन दाखवा, साडेसहाला चहाला मी येतो.

दादरचा_मी: आजोबांची. आणि संडास अजून गॅलरीच्या टोकाला, रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगा चालू आहेत मी कॉलेजात होतो तेव्हापासून. मुलाचं लग्न ठरलंय, तो म्हणतो इथे बायकोला आणणार नाही. फ्लॅट बघतोय. कुठे ते विचारू नका.

डोंबलकर: 😂 ईस्ट का वेस्ट तेवढं सांगा.

बदलापुरी: कुठेही घेऊ दे, फक्त संध्याकाळी आमच्या गाडीत चढू नको म्हणावं.