ड्यूकचे फ्रेशमन: शेवटच्या मिनिटाला बॉल सतरा वर्षांच्या पोराकडे द्यावा का?

सकाळचा_गजर (६ डिसेंबर २०२४, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. इथे क्रिकेट आणि थोडीफार कबड्डी सोडून कोणी काही बघतं का माहीत नाही, तरी अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलबद्दल टाकतोय, कारण घरात बोलायला कोणी नाही. माझी ताई आणि दाजी नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला राहतात, तिथून ड्यूक युनिव्हर्सिटी अर्ध्या तासावर. (कोथरूड ते हिंजवडीपेक्षा अंतर जास्त आणि वेळ निम्मा, असं दाजी दर फोनला ऐकवतात.) दोन वर्षांपूर्वी त्यांनी ड्यूकचा एक निळा टीशर्ट पाठवला आणि मी कामातून गेलो तो गेलोच.

यंदाच्या टीमबद्दल बोलायचंय. सहा फ्रेशमन आहेत, म्हणजे आपल्या भाषेत एफवायची पोरं, आणि त्यातला कूपर फ्लॅग अजून अठराचा पण नाही, २१ डिसेंबरला होईल. पहिली मॅच मेनशी, त्याच्या स्वतःच्या राज्याच्या युनिव्हर्सिटीशी, ९६-६२ मारली. त्यात कॉन कनिपल नावाच्या दुसऱ्या फ्रेशमनने २२ केले आणि फ्लॅगच्या पायात क्रॅम्प आले. मी म्हटलं चला, मस्त वर्ष जाणार.

मग १३ नोव्हेंबरची सकाळ. केंटकीशी मॅच अटलांटाला, आपल्याकडे संपता संपता दहा वाजले आणि दहाला माझा स्टँडअप. लॅपटॉपवर मीटिंग, मांडीवर फोन. हाफटाइमला ड्यूक नऊने पुढे होते ते सगळं घालवून ७२-७२, दहाएक सेकंद शिल्लक, फ्लॅग बॉल घेऊन आत घुसला आणि त्या ओटेगा ओवेने हातातून बॉल काढून घेतला, त्याच्यावरच फाउल झाला, मग त्याचे दोन्ही फ्री थ्रो आत, आणि पुढच्या वेळी परत फ्लॅगकडूनच बॉल गेला. ७७-७२. मी "अरे काय करतोयस गाढवा!" असं ओरडलो आणि माइक चालू होता. त्या वेळी बोलत कोण होतं ते विचारू नका, अप्रेझल मार्चमध्ये आहे.

गंमत म्हणजे त्याच पोराने त्या मॅचमध्ये २६ पॉइंट आणि १२ रिबाउंड (हुकलेला शॉट परत पकडणं) केलेत. म्हणजे त्याच्यामुळेच तिथपर्यंत आलो आणि त्याच्यामुळेच गेलो.

२३ नोव्हेंबरला ॲरिझोनाच्या घरी जाऊन ६९-५५, फ्लॅग २४. ती सकाळ म्हणजे विधानसभेच्या निकालाची, बाबा टीव्हीसमोर आघाडी-पिछाडी बघतायत आणि मी बाजूला फोनवर आघाडी-पिछाडी बघतोय, आई दोघांना पोहे देऊन म्हणाली एकानेही मला काय चाललंय ते सांगू नका. मग चार दिवसांनी लास वेगासला कॅन्ससकडून ७५-७२. त्यांचा मोठा प्लेअर हंटर डिकिन्सन आपल्या मलीक ब्राउनच्या डोक्याला लाथ लागली म्हणून बाहेर काढला होता, तरी हरलो! आणि काल सकाळी देशात दोन नंबरच्या ऑबर्नला ८४-७८ हरवलं. सध्या ६ जिंकल्या २ हरल्या, आणि दोन्ही हार शेवटच्या मिनिटातल्या.

तर प्रश्न असा की शेवटचा बॉल फ्लॅगकडेच द्यायचा का? टायरीस प्रॉक्टर तिसऱ्या वर्षाला आहे, सायन जेम्स, मेसन गिलिस दुसऱ्या कॉलेजांतून आलेले पिकलेले लोक आहेत. कोच जॉन शायर, नाव शायर पण शेवटच्या मिनिटाला यमक काही जुळत नाही बुवा.

---

डेक्कन_पॉइंटगार्ड (रात्री १०:२५)

भावा, धागा काढल्याबद्दल चहा माझ्याकडून. मला वाटत होतं पुण्यात मी एकटाच.

वयाचा प्रश्न नाहीये. बॉल त्याला कुठे मिळतो हा आहे. तो ६ फूट ९ इंच आहे, त्याला रिंगपासून तीस फुटांवर उभा करून "जा" म्हणायचं म्हणजे त्याने सेट झालेल्या डिफेन्ससमोर ड्रिबल करत जायचं. उंच माणसाचा ड्रिबल उंचच असतो, बॉल जमिनीवरून हातात यायला जो वेळ लागतो तो समोरच्याचा. ओवे काही पहिल्या वर्षाचा नाही, ओक्लाहोमातून आलेला, आणि केंटकीची तर अख्खी टीमच यंदा नवीन जमवलेली आहे पण जमवलेली माणसं तीन-तीन चार-चार वर्षं कॉलेज खेळून आलेली. त्या लोकांना घाई नसते.

माझी स्वतःचीच सांगतो. सेकंड इयरला झोनलची सेमी, एकने मागे, आमच्या सरांनी बॉल माझ्याकडे दिला. समोर टीवायचा एक डावखुरा. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही हो. माझ्या गुडघ्याकडे बघत होता. मी दोन हुलकावण्या दिल्या, हलला नाही. तिसऱ्याला बॉल जरा वर आला आणि त्याने नुसती बोटं लावली, मारलं पण नाही, बोटं लावली, आणि बॉल माझ्याच बुटावर आपटून बाहेर. अजून ते कोर्ट दिसलं की उजवा पाय मागे घेतो मी.

म्हणून म्हणतो, आधी प्रॉक्टरच्या हातात बॉल ठेवा, फ्लॅगने स्क्रीन लावायची, म्हणजे डिफेंडरच्या वाटेत उभं राहायचं, आणि कोपरापाशी, म्हणजे फ्री थ्रोच्या रेषेच्या टोकाला, बॉल घ्यायचा. तिथून एक ड्रिबल आणि शॉट. किंवा आपला आणखी एक फ्रेशमन मलुआच आत येतोय त्याला लॉब, म्हणजे उंच पास. सात फूट दोन इंच आहे तो, दुसरं काय पाहिजे.

---

निळा_पण_फिका (रात्री ११:०२)

मी नॉर्थ कॅरोलिना युनिव्हर्सिटीवाला आहे, म्हणजे ड्यूकच्या कट्टर शत्रूंचा, आकाशी निळा, त्यामुळे या धाग्यावर मला दगड पडणार हे धरून लिहितोय.

पहिलं म्हणजे ही टीम नाही, पीजी आहे. जूनमध्ये सामान घेऊन येतात, पुढच्या उन्हाळ्यात डिपॉझिट घेऊन जातात. फ्लॅग, कनिपल, मलुआच, यातलं कोण पुढच्या वर्षी दिसणारे? तुम्ही टीशर्टवर प्रेम करताय, माणसांवर नाही. शायरच्या आधीचे तुमचे कोच के पण सुरुवातीला असली दुकानदारी करत नव्हते. १९९१, १९९२ च्या टीमा बघा, पोरं चार चार वर्षं राहायची.

आणि दुसरं, फ्रेशमनला शेवटचा बॉल द्यायचा नाही हा शोध कुठून लावला? १९८२ ची फायनल, आमची जॉर्जटाउनशी, एकने मागे, आणि शॉट कोणी मारला? मायकल जॉर्डन. फ्रेशमन होता तो. ६३-६२. टीममध्ये जेम्स वर्दीसारखा मोठा प्लेअर होता, तरी बॉल पहिल्या वर्षाच्या पोराकडे गेला. आमच्या कोचला, डीन स्मिथला, अक्कल नव्हती का?

---

डेक्कन_पॉइंटगार्ड (रात्री ११:१८)

@निळा_पण_फिका अरे तू माझंच म्हणणं सिद्ध करतोयस राजा! तो शॉट परत बघ. जॉर्डनने ड्रिबल किती केले? शून्य. डिफेन्स आत वर्दीकडे ओढला गेला, बॉल फिरवला, डाव्या बाजूला जॉर्डन मोकळा, घेतला आणि मारला. डीन स्मिथने पोराला शॉट दिला, गडबड सांभाळायला नाही दिली. शायरने फ्लॅगला अख्खा संसार दिला.

पीजीवाला मुद्दा मात्र मान्य. लागतं मनाला.

---

नवखा_पण_हौशी (७ डिसेंबर, सकाळी ७:५५)

मध्येच येतोय, मूर्ख प्रश्न असेल तर सांभाळून घ्या. एवढी चांगली पोरं एका वर्षात का जातात? डिग्री?

---

निळा_पण_फिका (सकाळी ८:१०)

डिग्री गेली तेल लावत. एनबीएचा, म्हणजे तिकडच्या प्रोफेशनल लीगचा, नियम आहे, अमेरिकन पोरगा ड्राफ्टच्या (टीमांनी नवीन पोरं निवडायच्या) वर्षी १९ चा व्हायला हवा आणि बारावी होऊन एक वर्ष गेलेलं हवं. मग ते एक वर्ष कुठे काढायचं, तर बहुतेक जण कॉलेजात काढतात. पूर्वी उलटं होतं, १९७२ पर्यंत फ्रेशमनला मुख्य टीममध्ये खेळूच देत नव्हते, त्यांची वेगळी टीम असायची. आता फ्रेशमनच मुख्य टीम.

---

नवखा_पण_हौशी (सकाळी ८:१४)

म्हणजे पुरुषोत्तमला एफवायच्या पोराने पहिल्याच वर्षी अभिनयाचं बक्षीस न्यायचं आणि दुसऱ्या वर्षी तालमीला फोन केला तर "मी शूटला आहे"?

---

सकाळचा_गजर (सकाळी ८:३१)

@नवखा_पण_हौशी अगदी तेच 😂 आणि मागे राहिलेल्यांनी परत नवीन पोरं शोधायची.

---

बारावीची_आई (सकाळी ११:२०)

मुलांनो, मी मॅचेस बघत नाही पण माझी मुलगी खेळते म्हणून वाचत होते. खेळायची म्हणायला हवं आता. सतरा वर्षांचा मुलगा एवढं करतो वाचून माझ्या पोटात कसंतरी झालं, कारण आमच्याकडे सतरा म्हणजे सीईटी. दहावीच्या जूनमध्ये तिच्या कोर्टवर चौदा मुली होत्या, अकरावीच्या दिवाळीत चार. तिचे सर चिडत नाहीत, नुसती हजेरीची वही मिटतात. तिचे बूट अजून गॅलरीत आहेत, मागच्या रविवारी मी धुवायला काढले तर म्हणाली आई राहू दे, छोटे झाले असतील. घालून पण बघितले नाहीत.

बाकी क्रॅम्पसाठी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, मॅच सुरू व्हायच्या आधीपासून, दुखायला लागल्यावर नाही. एवढ्या मोठ्या युनिव्हर्सिटीत कोणी सांगत नाही का त्याला?

---

डेक्कन_पॉइंटगार्ड (दुपारी १:०५)

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. आणि गंमत सांगू का, फ्लॅग खरं तर या वर्षी बारावीतच असायला हवा होता, त्याने शाळेचं एक वर्ष पुढे उडी मारून कॉलेज गाठलंय. म्हणजे तुमच्या लेकीच्याच वर्गातला.

आपला एफवायचा प्लेअर दोन वर्षं बॉलला हात न लावता येतो. मी आता रविवारी पोरांना शिकवतो, ऑगस्टमध्ये नवीन पोरं आली की पहिले तीन आठवडे नुसतं उजव्या-डाव्या हाताने ले-अप, म्हणजे रिंगजवळ जाऊन टाकायचा शॉट. उंची वाढलेली असते, हात लांब झालेले असतात, पण शरीराला ते माहीतच नसतं. एक पोरगा सहा फूट तीन, दहावीत गार्ड, म्हणजे बॉल सांभाळणारा, खेळायचा, आता स्वतःच्या पायात अडखळतो. तिकडच्या फ्रेशमनशी तुलना करायची म्हणजे चेष्टाच. पण शिरीन लिमये पुण्याचीच ना, भारताची कॅप्टन झाली. तेव्हा लेकीला मेमध्ये परीक्षा झाल्या झाल्या कोर्टवर पाठवा, बूट नवीन घ्या. खरंच सांगतोय, सोडायला लावू नका.

---

निळा_पण_फिका (दुपारी २:४०)

काकू, माझ्या बहिणीचं पण हेच झालं. ती थ्रो बॉल खेळायची.

बरं, मलुआचबद्दल कोणी धड बोललंच नाही, मी शत्रुपक्षाचा असून मलाच बोलावं लागतंय. तो साउथ सुदानचा, वाढला युगांडात, उशिरा खेळायला लागला, आणि सतराव्या वर्षी पॅरिस ऑलिम्पिक खेळून आलाय. जुलैत लंडनला त्याच्या देशाने लेब्रॉन-करीच्या अमेरिकेला जवळपास हरवलंच होतं, १०१-१००. असल्या पोराला ड्यूकमध्ये दबाव वगैरे काय वाटणार. फक्त त्याला पास द्या, तुमचे गार्ड त्याला विसरतात. हात वर करून उभा असतो बिचारा, रिक्षाला हात केल्यासारखा.

---

सकाळचा_गजर (रात्री ९:१५)

@निळा_पण_फिका रिक्षाला हात केल्यासारखा 😂 पुण्याचाच आहेस, पटलं. थांबत पण नाहीत.

सगळ्यांचं वाचलं. पॉइंटगार्ड दादाचं कोपरापासून सुरू करायचं म्हणणं पटतंय, आणि परवाची ऑबर्नची मॅच आज परत बघितली त्या नजरेने. फ्लॅगचे २२ आणि ११ रिबाउंड आहेत पण त्याला सारखं लांबून आत घुसावं लागत नव्हतं. का, तर आयझेया इव्हान्स. हा पण फ्रेशमन, काडीपहिलवान, आत्तापर्यंत बेंचवर टॉवेल हलवत होता, आणि सुरुवातीला ऑबर्न पुढे असताना शायरने त्याला आत टाकलं. पहिल्या हाफमध्ये सहा थ्री, म्हणजे लांबून मारलेले तीन-तीन पॉइंटचे शॉट! सहा! तिसऱ्यानंतर त्याच्यावरचा माणूस त्याला चिकटूनच राहिला, आणि मग फ्लॅगला मदतीला येणारा तो एक जास्तीचा माणूस येईचना. मी पहिल्यांदा बघताना नुसता ओरडत होतो, आज कळलं. ड्यूकचं कॅमेरून स्टेडियम १९४० चं, नऊ हजार तीनशे माणसांचं जुनं हॉल आहे, चौथ्या थ्रीला फोनचा आवाज फाटला आणि आई आतून म्हणाली कुकरची शिट्टी झाली का बघ.

इव्हान्सला नेहमी खेळवतील का माहीत नाही. डिफेन्समध्ये तो अजून हरवतो, एकदा तर स्वतःचा माणूस सोडून बॉलच्या मागे गेला, अगदी गल्ली क्रिकेटसारखा.

आणि पीजीचं म्हणशील, तर मला पण माहितीये ते जाणार. दाजींना तिकीट मिळालं नाही अजून, मी ताईला सांगितलंय काहीही करून एक मॅच बघा, हा पोरगा परत तिथे दिसणार नाही. दाजी म्हणाले टीव्हीवर छान दिसतो. काय बोलणार.

सोमवारी पहाटे लुइव्हिलशी आहे, आपल्या साडेचारला. म्हणजे स्टँडअपच्या आधी संपेल. कोणी उठणार असेल तर इथेच लिहा, मी चहा टाकून बसलोय.

---

डेक्कन_पॉइंटगार्ड (रात्री ९:२२)

उठतो. माइक बंद ठेव.

---

बारावीची_आई (रात्री ९:५०)

आम्ही चारला उठतोच, फिजिक्ससाठी. ती विचारतेय लिंक कुठे मिळेल. मी अजून हो म्हटलेलं नाही.